समजून घ्या : मुंबई हाय ते चंद्रपूर… इंधन नेमके कुठे वाया जाते? ते वाचवायचे कशासाठी आणि कोणी?

‘इंधन वाचवा’ ही पाटी पेट्रोल पंपावर, एसटीच्या पाठीवर आणि शाळेच्या भिंतीवर इतकी वर्षे आहे, की आता ती कुणाच्या नजरेत भरत नाही. या काळात देशाचे आयातीवरचे अवलंबित्व मात्र वाढतच गेले. २०२४-२५ मध्ये देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी सुमारे ८८ टक्के तेल बाहेरून आले. त्यासाठी सुमारे १३७ अब्ज डॉलर मोजावे लागले. त्याच वर्षी देशातील कोळशाचे उत्पादन प्रथमच १०० कोटी टनांच्या पुढे गेले, तरीही कोळशाची आयात थांबली नाही. इंधन वाचवणे म्हणजे सिग्नलला गाडी बंद करणे, एवढाच अर्थ आपण धरून बसलो आहोत. प्रत्यक्षात इंधनाची सर्वात मोठी नासाडी ते आपल्या हातात येण्याआधीच होते. ती कुठे आणि कशी होते, ते समजून घेऊ.

तेल आणि कोळसा खरेच संपणार आहेत का?

कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू ही जीवाश्म इंधने. विदर्भातील वर्धा खोऱ्यात मिळणारा कोळसा गोंडवन काळातला, म्हणजे साधारण २५ कोटी वर्षांहून जुना. तेव्हाच्या दलदलीतील झाडे गाळाखाली गाडली गेली आणि दाब व उष्णता यांमुळे त्यांचा कोळसा झाला. तेल आणि वायू प्रामुख्याने सूक्ष्म सागरी जीवांच्या अवशेषांपासून तयार झाले. कोट्यवधी वर्षांची ही ठेव आपण दोन-तीन शतकांत मोडत आहोत. बँकेतल्या ठेवीवर निदान व्याज तरी मिळते. येथे फक्त मुद्दल आहे आणि रोजचा खर्च त्यातूनच चालतो.

तरीही ‘तेल उद्या संपणार’ हे विधान चुकीचे आहे. अशी भाकिते अनेकदा झाली आणि फसली. अमेरिकी भूगर्भशास्त्रज्ञ किंग हबर्ट यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतील तेल उत्पादन १९७० च्या आसपास शिखर गाठेल, असे म्हटले होते. ते खरे ठरले. पण पुढे शेल खडकांतून तेल काढण्याचे तंत्र आले आणि अमेरिकेचे उत्पादन पुन्हा वाढले. सध्याच्या वेगाने वापर सुरू राहिला तर जगातील ज्ञात तेलसाठे साधारण ५० वर्षे पुरतील, असा हिशेब केला जातो. हा आकडा गेली अनेक वर्षे त्याच आसपास आहे, कारण नवे साठे सापडतात आणि जुन्यांतून अधिक तेल काढता येते.

आकडा स्थिर असला तरी तेलाची जात बदलत जाते. सोपे, उथळ आणि स्वस्त तेल आधी उपसले जाते. मागे उरते ते खोल समुद्रातले, घट्ट खडकातले किंवा अशांत प्रदेशातले. ते काढायला पैसा जास्त लागतो आणि ऊर्जाही. म्हणजे टाकीचा तळ दिसण्याच्या खूप आधी प्रत्येक लिटर महाग होत जाते. भारतासारख्या आयातदार देशासाठी खरा प्रश्न हा आहे.

मुंबई हायचा धडा काय?

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल उत्पादक देशांनी निर्यातबंदी केली आणि काही महिन्यांत तेलाचा भाव तीन डॉलर प्रति पिंपावरून जवळपास बारा डॉलरवर गेला. त्याच सुमारास, फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदकाम जहाजाला मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर समुद्रात तेल लागले. १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. पुढच्या दहा वर्षांत चित्र पालटले. १९८० च्या दशकाच्या मध्यावर देशाच्या तेलाच्या गरजेचा सुमारे दोन तृतीयांश भाग देशातच भागत होता आणि त्यात मुंबई हायचा वाटा सर्वात मोठा होता. १९८९ च्या सुमारास या एका क्षेत्रातून रोज सुमारे पावणेपाच लाख पिंपे तेल निघत असे.

त्यानंतर मात्र घसरण झाली. जमिनीखालचे तेल तळ्यातल्या पाण्यासारखे मोकळे नसते. ते खडकाच्या बारीक छिद्रांत असते आणि तेथील नैसर्गिक दाबामुळे विहिरीकडे ढकलले जाते. उपसा दाबाच्या मानाने जास्त झाला, तर तेलाऐवजी वायू आणि पाणीच वर येऊ लागते आणि बरेच तेल खडकात कायमचे अडकून पडते. म्हणूनच खाली पाणी सोडून दाब टिकवावा लागतो आणि उपशाला लगाम घालावा लागतो. मुंबई हायमध्ये १९८० च्या दशकात उत्पादनाची लक्ष्ये गाठण्याच्या घाईत या शिस्तीकडे दुर्लक्ष झाले, अशी टीका पुढे झाली. दाब घटल्याने अनेक विहिरी काही काळ बंद ठेवाव्या लागल्या. १९८९-९० मध्ये देशाचे कच्च्या तेलाचे उत्पादन सुमारे ३.४ कोटी टन होते. १९९२-९३ मध्ये ते २.७ कोटी टनांवर आले.

हा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले आणि तेल भडकले. १९९१ मध्ये परकीय चलनाचा साठा आटल्याने भारतावर सोने परदेशात गहाण ठेवण्याची वेळ आली. त्या संकटाची कारणे अनेक होती. पण नेमके तेल महागले असताना घरची विहीर थकलेली होती, हेही तेवढेच खरे. आधी सावकाश उपसले असते, तर अडचणीच्या वर्षांत हाताशी अधिक तेल राहिले असते.

आज मुंबई हायमधून रोज दीड लाख पिंपांहूनही कमी तेल निघते. उत्पादन वाढवण्यासाठी ओएनजीसीने जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटिश पेट्रोलियम या कंपनीला तांत्रिक सेवा देण्यासाठी निवडले आहे. म्हाताऱ्या क्षेत्रातून उरलेले तेल काढणे शक्य असते, मात्र त्यासाठी पहिल्या तेलापेक्षा कितीतरी अधिक कष्ट आणि खर्च लागतो.

जमिनीखालच्या नासाडीचे दुसरे उदाहरण कोणते?

झारखंडमधील झरिया. पोलाद बनवण्यासाठी लागणारा उत्तम प्रतीचा कोकिंग कोळसा भारतात प्रामुख्याने येथे आहे. १९१६ पासून झरियाच्या खाणींत आगी धुमसत असल्याची नोंद आहे. खासगी खाणमालकांनी सोपा कोळसा काढून खाणी तशाच उघड्या टाकल्या. हवा आत शिरली, कोळसा आपोआप पेटला आणि आग पसरत गेली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण करताना अशी अशास्त्रीय खोदाई हे एक प्रमुख कारण सांगितले गेले. १९७४ मध्ये कोळसा खाणी (संवर्धन आणि विकास) कायदा झाला. म्हणजे ‘संवर्धन’ हा शब्द या देशाच्या कायद्यात अर्ध्या शतकापूर्वीच आला आहे.

आगी आजही पूर्ण विझलेल्या नाहीत. भेगाळलेल्या जमिनीवर आणि धुरात लोक अजून राहतात. आणि पोलाद उद्योगासाठी भारत वर्षाला पाच कोटी टनांहून अधिक कोकिंग कोळसा आयात करतो. देशातील दगडी कोळशाचे साठे मोठे असले, तरी पोलादाला चालेल असा कोळसा त्यात थोडाच आहे. जो आहे, त्यातला काही असा धुरात गेला.

खाणीपासून दिव्यापर्यंत किती ऊर्जा उरते?

आता जमिनीवर येऊ. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचे, राज्याच्या महानिर्मिती कंपनीचे सर्वात मोठे. अशा कोळशावरच्या केंद्रात शंभर पोती कोळसा जाळला असे समजू. त्यातल्या साधारण ३५ पोत्यांच्या उष्णतेची वीज होते. उरलेल्या ६५ पोत्यांची उष्णता चिमणीतून आणि शीतकरण मनोऱ्यांतून हवेत जाते. हा काही कर्मचाऱ्यांचा निष्काळजीपणा नाही. उष्णतेचे पूर्णपणे कामात रूपांतर करता येत नाही, हा उष्मागतिकीचा नियम आहे. नव्या, अधिक तापमानावर चालणाऱ्या ‘सुपरक्रिटिकल’ संचांत हे प्रमाण चाळिशीच्या आसपास जाते, जुन्या संचांत ते तिशीपर्यंतही घसरते.

त्या ३५ मधली दोन-तीन पोती केंद्राच्याच गिरण्या, पंप आणि पंख्यांना लागतात. उरली ३२. मग उच्चदाबाच्या वाहिन्या, रोहित्रे आणि गावातल्या तारा. देशात वहन आणि वितरणात साधारण सहावा हिस्सा वीज गळते किंवा चोरीला जाते. घराच्या मीटरपर्यंत आली सुमारे २७ पोती. तेथे जुना पिवळा बल्ब असेल, तर तो विजेच्या जेमतेम पाच टक्क्यांचा उजेड करतो, बाकीची उष्णता. म्हणजे चंद्रपुरात शंभर पोती जाळून आपल्याला उजेड मिळाला दीड पोत्याचाही नाही.

हे गणित निराश करणारे वाटते, पण ते उलटे वाचले तर त्यात मोठी संधी दिसते. घरात एक युनिट वाचले, की तारांतली गळती वाचते, केंद्राचा स्वतःचा वापर वाचतो आणि चिमणीतून जाणारी उष्णताही वाचते. शेवटच्या टोकाला वाचलेल्या प्रत्येक युनिटमागे खाणीच्या टोकाला साडेतीन ते चार युनिटइतकी उष्णता वाचते. म्हणूनच बचत ही सर्वात स्वस्त खाण आहे. तिला भूसंपादन लागत नाही, गावे उठवावी लागत नाहीत आणि राख टाकायला जागाही शोधावी लागत नाही.

हे प्रत्यक्षात कधी घडले आहे का?

घडले आहे. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने ‘उजाला’ योजना सुरू केली. त्याआधी सरकारी खरेदीत एका एलईडी बल्बची किंमत ३०० रुपयांच्या वर होती. एकगठ्ठा मागणी नोंदवल्याने ती दोनेक वर्षांत ४० रुपयांच्या आत आली. योजनेतून सुमारे ३६.८ कोटी बल्ब वाटले गेले. सरकारी अंदाजानुसार त्यातून वर्षाला सुमारे ४,८०० कोटी युनिट वीज वाचते.

एक युनिट वीज बनवायला आपल्याकडे साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे ही बचत वर्षाला सव्वातीन कोटी टन कोळशाच्या आसपास जाते. नागपूरची वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे आपली ‘वेकोलि’, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातल्या सगळ्या खाणींतून २०२३-२४ मध्ये सुमारे ६.९ कोटी टन कोळसा काढू शकली. बचतीचा सरकारी आकडा थोडा फुगवलेला मानला, तरी बल्बांनी केलेले काम वेकोलिच्या कितीतरी खाणींएवढे भरते. त्यासाठी कोणालाही अंधारात बसावे लागले नाही.

उद्योगांतही असा अनुभव आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘पॅट’ योजनेत सिमेंट, पोलाद, खत, औष्णिक वीज अशा ऊर्जाखाऊ क्षेत्रांतील कारखान्यांना ऊर्जावापर कमी करण्याची लक्ष्ये दिली गेली. जो लक्ष्यापेक्षा अधिक बचत करेल त्याला प्रमाणपत्रे मिळतील आणि मागे राहणाऱ्याला ती विकत घ्यावी लागतील, अशी रचना होती. पहिल्या तीन वर्षांत ८६ लाख टन तेलाइतक्या ऊर्जेची बचत झाली, ती ठरवलेल्या लक्ष्यापेक्षा जास्त होती.

वाहतुकीत बचत कोठे आहे?

पेट्रोलच्या गाडीत टाकीतल्या ऊर्जेपैकी चाकांपर्यंत साधारण पाचवा ते चौथा हिस्सा पोहोचतो. बाकी रेडिएटर आणि सायलेन्सरमधून बाहेर. त्या चाकांनीही मुख्यतः एक टन वजनाची गाडी ओढायची, त्यात बसलेला माणूस सत्तर किलोचा.

ढोबळ हिशेब करून पाहू. लिटरला १५ किलोमीटर जाणाऱ्या मोटारीत सरासरी दीड माणूस धरला, तर एका लिटरमध्ये एका माणसाचा साडेबावीस किलोमीटर प्रवास होतो. लिटरला ५० किलोमीटर जाणाऱ्या दुचाकीवर एकटाच असेल, तर ५० किलोमीटर. लिटरला साडेचार किलोमीटर जाणाऱ्या एसटीत ४० प्रवासी असतील, तर तोच आकडा १८० होतो. म्हणजे जुनाट, खडखडणारी एसटीसुद्धा इंधनाच्या बाबतीत नव्याकोऱ्या मोटारीपेक्षा सात-आठपट काटकसरी ठरते. भरलेली लोकल तर याहून पुढे.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर देशातली पहिली विजेवरची रेल्वे धावली. आता ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण जवळपास पूर्ण झाले आहे. ७४१ किलोमीटरची कोकण रेल्वेही २०२२ पासून पूर्णपणे विजेवर धावू शकते. वीज कोळशाची असेल तर लाभ मर्यादित राहतो, हे मान्य करायला हवे. पण तारेतून येणारी वीज उद्या सौर किंवा पवन असू शकते. डिझेल इंजिनाला ती सोय नाही.

जाळण्यापलीकडे या इंधनाचा उपयोग काय?

अलिबागजवळ थळ येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना नैसर्गिक वायूपासून युरिया बनवतो. मुंबई हायच्या वायूसाठीच तो त्या किनाऱ्यावर आला. जवळच उरणला महानिर्मितीचे वायूवर चालणारे वीज केंद्र आहे. वायूच्या तुटवड्यामुळे ते क्षमतेपेक्षा कमी चालते. एकच वायू, आणि त्याच्यासाठी रांगेत उभे आहेत शेतातले खत, घरातली वीज, शहरातल्या सीएनजी रिक्षा आणि स्वयंपाकाची शेगडी. देशाला लागणारा निम्मा वायू आज आयातीचा आहे.

तेलातून पेट्रोल-डिझेलखेरीज रस्त्याचे डांबर, सलाइनची पिशवी, इंजेक्शनची सिरिंज, ठिबक सिंचनाच्या नळ्या, पॉलिएस्टरचे कापड आणि अनेक औषधांचा कच्चा माल मिळतो. विजेसाठी सूर्य आहे, वारा आहे, धरणे आहेत. सिरिंजसाठी इतका सोपा पर्याय अजून नाही. ज्या कामाला दुसरे साधन आहे त्यासाठी हा कच्चा माल जाळून टाकणे म्हणजे सागवानाचे सरपण करण्यासारखे आहे.

हवामानाचा विचार केला तर साठा वाचवून उपयोग काय?

हा प्रश्न रास्त आहे. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते, पण ते जळाल्यावर २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण इंधनातला कार्बन हवेतला प्राणवायू सोबत घेतो. डिझेलचा आकडा २.७ किलो. भारताने २०२१ च्या ग्लासगो परिषदेत २०७० पर्यंत नक्त शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. ते पाळायचे तर बराचसा कोळसा जमिनीतच ठेवावा लागेल. त्यामुळे काही जण म्हणतात, उद्या याला कोणी विचारणार नाही, आजच जेवढा निघेल तेवढा काढून विका.

तेल विकून जगणाऱ्या देशांसाठी हा युक्तिवाद एकवेळ समजू शकतो. भारत विकत घेणारा आहे. आपल्याकडे जास्त जाळणे म्हणजे जास्त आयात, जास्त धूर आणि चंद्रपूरसारख्या शहरांच्या वाट्याला अधिक राख. बचतीचा मार्ग मात्र दोन्ही बाजूंनी लाभाचा आहे. भविष्यात इंधन हवे असेल तर ते शिल्लक राहील. नको असेल तर तोवर हवेत कार्बन कमी गेलेला असेल.

काटकसर कोणी करायची?

येथे ‘काटकसर’ आणि ‘कार्यक्षमता’ यांत फरक केला पाहिजे. भारतीय माणसाचा सरासरी ऊर्जावापर जागतिक सरासरीच्या एक तृतीयांशाच्या आसपास आहे. उज्ज्वला योजनेतून दहा कोटींहून अधिक घरांत गॅसजोडणी गेली, पण सिलिंडरचा दर परवडत नाही म्हणून त्यांतल्या अनेक घरांत चूल अजून पेटते. त्या घरातल्या बाईला ‘इंधन वाचवा’ सांगणे ही थट्टा आहे. तिने जास्त गॅस वापरायला हवा. गरीब माणूस काटकसर करतोच, ती त्याच्यावर लादलेली असते. स्वयंपाकाच्या गॅसपैकी सुमारे ६० टक्के आयात होतो, हे पाहता तिच्या वाट्याचा सिलिंडर सुरक्षित राहावा म्हणूनही इतरत्रची उधळपट्टी थांबायला हवी.

कार्यक्षमता ही व्यवस्थेची जबाबदारी असते. घरमालकाने भिंतीला उष्णतारोधक थर द्यावा की नाही, शहरात बस दहा मिनिटांनी यावी की पाऊण तासाने, महावितरणच्या रोहित्रात किती वीज जावी, हे एकटा ग्राहक ठरवू शकत नाही. २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा आणि त्यातून आलेले तारांकित लेबल यांनी फ्रीज, एसी बदलले. १ जानेवारी २०२० पासून नव्या तारांकित एसीचे तापमान सुरू करताना २४ अंशांवर असणे बंधनकारक झाले. एका नियमाने जे साधते, ते हजार फलकांनी साधत नाही.

बचत झाली की वापरच वाढतो, हे खरे का?

काही अंशी खरे आहे. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये हा मुद्दा मांडला होता. वाफेची इंजिने कमी कोळशात चालू लागली, तेव्हा ती इतकी स्वस्त पडू लागली की सर्वत्र वापरात आली आणि एकूण कोळसा जास्तच जळाला. आपल्याकडेही गाडीचे मायलेज वाढले, की लोक अधिक फिरतात आणि पुढची गाडी अधिक मोठी घेतात.

पर्यायी इंधनाचेही असेच आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य देशाने गाठले. त्याने तेलाची आयात थोडी कमी होते आणि साखर कारखान्यांना आधार मिळतो. मात्र इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. शिवाय ते उसापासून बनवायचे, तर मराठवाड्यासारख्या भागात पाण्याचा हिशेब मांडावाच लागतो. एक साठा वाचवताना दुसरा उपसला जाणार नाही, हे पाहायला हवे. म्हणून केवळ यंत्र सुधारून भागत नाही. सोबत सार्वजनिक वाहतूक, शहराची आखणी आणि इंधनाच्या किमतीत प्रदूषणाचा खर्च धरणे, हेही लागते.

मग करायला काय हवे?

मार्च २०१५ मध्ये ‘ऊर्जा संगम’ परिषदेत २०२२ पर्यंत तेल आयातीवरचे अवलंबित्व १० टक्क्यांनी कमी करण्याचे लक्ष्य पंतप्रधानांनी जाहीर केले होते. तेव्हा ते सुमारे ७७ टक्के होते. २०२२ आले आणि गेले, आकडा वर गेला. देशातले उत्पादन वाढेल या भरवशावर ते लक्ष्य बेतलेले होते. प्रत्यक्षात २०११-१२ मध्ये ३.८ कोटी टनांवर असलेले उत्पादन २०२४-२५ मध्ये २.९ कोटी टनांच्या खाली आले. विहिरींवर आपला ताबा मर्यादित आहे. मागणीवर तो कितीतरी अधिक आहे.

संकटासाठीची शिदोरीही लहान आहे. विशाखापट्टणम, मंगळूरु आणि पदूर येथील भूमिगत साठ्यांची मिळून क्षमता ५३.३ लाख टन. ते पूर्ण भरले तरी देशाची जेमतेम साडेनऊ दिवसांची गरज भागते. तेल कंपन्यांकडचा साठा धरला तर साधारण अडीच महिने. होर्मुझच्या सामुद्रधुनीत तणाव वाढला की दिल्लीत बैठका का सुरू होतात, ते यावरून कळते. रोजचा वापर घटला, तर तोच साठा एकही नवी टाकी न बांधता अधिक दिवस पुरतो.

म्हणून बचतीला सुविचारांच्या रकान्यातून काढून ऊर्जेच्या ताळेबंदात आणले पाहिजे. नव्या वीज केंद्राचा प्रस्ताव येईल तेव्हा तेवढीच वीज गळती रोखून, जुने कृषिपंप बदलून किंवा इमारतींचे निकष कडक करून किती खर्चात मिळेल, हा हिशेब शेजारी मांडणे सक्तीचे व्हावे. एसटी आणि शहर बसवरचा खर्च ‘तोटा’ म्हणून न मोजता वाचलेल्या डिझेलसह मोजावा. सर्वात जास्त कोळसा खाणारे जुने संच आधी बंद व्हावेत. तेलक्षेत्रांच्या उपशावर लक्ष्यांच्या घाईपेक्षा भूगर्भशास्त्राचा शब्द चालावा. आणि आयात किती वाढली हे जसे दर महिन्याला जाहीर होते, तसे बचत किती झाली हेही पडताळून जाहीर व्हावे.

वाहनचालकाने सिग्नलला इंजिन जरूर बंद करावे, त्यातून त्याचेच पैसे वाचतात. पण साठ सेकंदांचा तो सिग्नल तीनदा का लागतो आणि त्या रस्त्यावर बस का नाही, याचे उत्तर ‘इंधन वाचवा’ची पाटी लावणाऱ्यांनी द्यायचे आहे.